आमसुली साडीवालीच्या बांगड्या

लाकडी बांगड्या मी चुकीच्या बाईच्या हातात दिल्या. वेळ मध्यंतराची होती आणि जागा दादरच्या एका नाट्यगृहाची ग्रीनरूम. एवढं एकदा सांगून टाकलं की मावशीबद्दल निवांत बोलता येईल.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी मावशी. समोर मी तिला अहो-जाहो करतो, लिहिताना मात्र ‘ती’च येतं, त्याला माझा इलाज नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर जीव टाकणारी माणसं मुंबईत ढिगाने सापडतील. कुणी हार घालतं, कुणी सेल्फी काढतं, कुणी पाया पडता पडता ओळख वाढवतं. पण आवडत्या कलावंताच्या बोटाचं, मनगटाचं, कानाच्या पाळीचं माप लांबूनच घेऊन घरी जाणारी आणि त्या मापाचा लाकडी दागिना घडवून त्याला नेऊन देणारी बाई अख्ख्या शहरात ही एकटी. माप घ्यायची तिची पद्धत अशी की खुर्चीत ताठ बसायचं, एक डोळा मिटायचा, हात समोर धरायचा आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत स्टेजवरचं बोट पकडायचं. गिरगावात एका भजनाच्या कार्यक्रमात पेटीवाल्या बुवांना वाटलं, पहिल्या रांगेतल्या बाई आपल्याला डोळा मारतायत. बुवांचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं आणि अभंग तिथून पुढे वेगळ्याच वाटेने गेला. पुढे बुवांना अंगठी मिळाली, बरोब्बर बसलीही. घरी मात्र ती खिशात ठेवूनच जावं लागतं म्हणतात.

लाकूड तिला बाजारातलं चालत नाही. लालबागची त्यांची चाळ पाडायला घेतली तेव्हा लोकांनी कपाटं नेली, पंखे नेले, एकाने तर कडीकोयंड्यासकट दार नेलं. मावशीने गॅलरीचा कठडा नेला. सागवानी, गोल घडवलेले, मध्ये पोट सुटलेले खांब. टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याच्या खोलीत ते तिच्या पलंगाखाली निजले आणि मग लिफ्टमध्ये उभे राहून तिच्याबरोबर एकोणिसाव्या मजल्यावर गेले. ती चाळीत जन्मली, चाळीतच राहिली. गणपतीतला बेंजो, लग्नाचा बँड, समोरच्या चाळीतली जयंतीची गायनपार्टी, सगळं तिने त्या कठड्याला टेकून ऐकलेलं. मी एकदा तिला म्हटलं, “मावशी, ग्रँट रोडला छान शिसव मिळतं, आणून देऊ?” तिने माझ्याकडे दयेने बघितलं. “ह्या लाकडान माझ्यापेक्षा जास्ती गाणी आयकलेली असत, जावयबापू. तुमचा ता शिसव बहिरा.”

खांबाच्या पोटाची चकती कापायची, पटाशीने आतून पोखरायची, पॉलिश पेपरने घासत बसायचं. टीव्हीवर मालिका चालू, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर भुसा. एकदा तो भुसा मी नाचणीचं पीठ समजून डब्यात भरून ठेवला होता. त्याची भाकरी झाली की नाही हे इथे सांगण्याचं कारण नाही.

सुरुवातीचे दागिने फसले. बेंजोवाल्या पक्याला तिने लॉकेट केलं. ऐन मिरवणुकीत पक्या वाकला, लॉकेट तारांत अडकलं, आणि नाचणारी दोनशे माणसं एक पाय वर असतानाच थांबली. ढोलकीवाल्याला अंगठी केली, तर तो हात जोडून म्हणाला, “मावशी, ही घालून वाजवली तर ढोलकीची शाई फुटंल ना!” मग पक्याला भिकबाळी मिळाली आणि ढोलकीवाल्याला कुडत्याची बटणं. जयंतीच्या स्टेजवर गाणाऱ्या शाहिरांना मात्र पहिल्याच फटक्यात गळ्यातलं पिंपळपान जमलं. पहिली ओळ उचलण्याआधी ते अजून त्या पानाला हात लावतात. या सगळ्यातून मावशीचा एकच कायदा तयार झाला. दागिना वाजता कामा नये, वाजवायचं काम ज्याचं आहे तो करील.

दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. तिने पुढे बसणाऱ्याला कधी काही दिलं नाही. पेटीवाला, ढोलकीवाला, झांजवाला, कोरसमधली तिसरी मुलगी, असे सगळे मागचे. शाहिरांनासुद्धा पान मिळालं ते कोरसात उभे असताना, पुढे ते आपल्या कर्तबगारीने आले. मावशीची उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. जुन्या दिवसांत ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचं. “लोक तासभर बोलत,” ती सांगते, “पण जोडून कोणी दिला, ता कोणी इचारूक नाय.”

तर त्या संध्याकाळी दादरला एका मोठ्या गायिकेचं गाणं होतं. मावशी, मी आणि माझी बायको तिसऱ्या रांगेत. मावशीच्या पर्समध्ये कवळीची जुनी डबी, डबीत कापूस आणि कापसात शेवटच्या खांबाच्या दोन बांगड्या. शेवटच्या म्हणजे खरोखरच शेवटच्या, कारण पलंगाखाली आता चपला सोडून काही उरलं नव्हतं. मध्यंतर झालं. मावशीचा गुडघा ग्रीनरूमच्या जिन्याला तयार नव्हता. तिने डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “जावयबापू, आमसुली साडीवालीक देवन येवा.”

स्टेजवर बायका दोनच होत्या. पुढे गायिका, मागे तंबोऱ्यावर एक पन्नाशीची बाई. आता मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या आमटीत चिंच-गूळ. आमसूल नावाची वस्तू सोलकढीत विरघळून गुलाबी होते एवढीच आमची ओळख, ती विरघळायच्या आधी कशी दिसते हे बघायची वेळ सासरच्यांनी माझ्यावर कधी आणली नाही. मी जिना चढता चढता विचार केला. आम म्हणजे आंबा. आमसुली म्हणजे आंब्याच्या जवळपासचं काहीतरी. पिवळी साडी गायिकेची. खलास.

बरं, डबी देऊन गप्प परत यावं की नाही? मी भाषण केलं. “आपल्या आवाजासाठी, खास आपल्या मापाच्या.” बाई खूश झाल्या. “तुम्ही केल्यात?” मी मान अर्धवट हलवून म्हटलं, “घरचंच काम आहे.” त्यांनी काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि एक लाकडी बांगडी मोठ्या कष्टाने चढवली. दुसरी काही केल्या जाईना, ती त्यांनी कौतुकाने शेजारी ठेवली. मापात मावशीची कधी चूक होत नाही, हे तेव्हा तरी मला आठवायला हवं होतं.

पडदा उघडला. गायिकेने हात उचलला आणि मावशीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पहिला आलाप माझ्याच तोंडून निघाला.

“जावयबापू, आमसुली रंग कसलो असता?”

“आंब्याचा. पिवळा.”

बायको कपाळावर हात मारून कुजबुजली, “अरे, त्या मागच्या बाईंची साडी बघ! तो आमसुली!” मी बघितलं. काळपट जांभळी साडी. आणि मग मावशी इतके महिने जे बघत होती तेही मला दिसलं. त्या बाईंच्या हातात काही नव्हतं. चार तारांवरून दोन बोटं फिरत होती आणि मनगट ओकंबोकं.

“बसण्याआधी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवता ती,” मावशी हळूच म्हणाली. “तंबोऱ्याक लागून वाजतत म्हणून. दर गाण्याक बघतंय मी.” आणि थोड्या वेळाने, स्टेजवरची नजर न काढता, “दुसरा लाकूड नाय रे माझ्याकडे.” तिने मला पहिल्यांदाच ‘अरे’ केलं. चिमट्यापेक्षा ते जास्त लागलं.

भैरवी संपल्याबरोबर मावशी उठली आणि गुडघ्याला न विचारता जिना चढली. मागोमाग मी. ग्रीनरूममध्ये शाली, नारळ, पाया पडणारे. त्या गर्दीत घुसून मी म्हणालो, “बाई, ती बांगडी... परत हवी होती.”

पाया पडणारे वाकल्या वाकल्याच माझ्याकडे बघायला लागले. मी आमसुलापासून सगळं सांगितलं. गायिका आधी गंभीर होत्या, ‘आंबा’ या शब्दापाशी त्यांना हसू फुटलं. “इतकी वर्षं लोकांनी शाली दिल्या, नारळ दिले,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “दिलेलं परत मागायला आलेले तुम्हीच पहिले.” पण बांगडी काही निघेना. दोन तास गाऊन हात फुगला होता. मी कुणाला तरी साबण मागितला. तेवढ्यात तबलजींनी आपल्या पिशवीतून बोटांना लावायची पावडर काढली, बाईंच्या हातावर अख्खा डबा उपडा केला आणि एखाद्या मुरलेल्या कासाराच्या थाटात “श्वास सोडा” म्हणून बांगडी सटकन ओढून काढली.

“अगं, इकडे ये,” गायिकेने हाक मारली. तंबोऱ्याला गवसणी घालत कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. “तुझ्या आहेत या.”

दोन्ही बांगड्या त्यांच्या हातात अलगद गेल्या. त्यांनी सवयीने हवेतच चार तारा छेडल्या. हात थांबवला. पुन्हा छेडल्या.

“वाजत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“वाजायच्या नायतच,” मावशी म्हणाली.

त्यांनी मावशीचा हात हातात धरला. “नाव काय हो तुमचं?”

मावशी इकडेतिकडे बघायला लागली. “कोणाचा? माझा?” असं तिने दोनदा विचारलं आणि मग शाळेत उभं राहून सांगावं तसं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

मावशीच्या घरी आलो तर तिने जेवायला वाढण्याआधी माझ्या रिकाम्या ताटात एक आमसूल ठेवलं. “बघून घे नीट.” मी बघून घेतलं. जेवण झाल्यावर ती खिडकीशी उभी राहिली, ॲल्युमिनियमच्या चौकटीला टेकून. खाली कुठल्याशा मंडळाच्या बेंजोची तालीम चालली होती. एवढ्या वर तो मुंगीएवढा ऐकू येत होता. खिडकीत दोन सागवानी चकत्या होत्या, बांगड्या कोरताना आतून निघालेल्या, दुसऱ्या बांगडीला न पुरणाऱ्या. कठड्याचं तेवढंच उरलं होतं. मावशी त्यांच्यावरून बोट फिरवत होती. मला राहवेना. मी शेजारी जाऊन मनगट पुढे केलं आणि म्हटलं, “मावशी, याचं माझ्यासाठी काहीतरी होईल का? छोटंसं? आठवण म्हणून?”

तिने एक डोळा मिटला. हात पुढे धरून डोक्यापासून पायापर्यंत माझं सावकाश माप घेतलं आणि चकत्या उचलून पदराआड केल्या.

“तुका कित्याक व्हयो लाकडाचो दागिनो? तू अख्खो ओंडकोच असस.”