आधी तिची तक्रार लिहा

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुवेतच्या सालमिया वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. मी मूळचा रत्नागिरीचा. कुवेतच्या पोलीस खात्यात दुभाषा म्हणून लागलो, पुढे तपासही माझ्याकडे आला. एका सकाळी एक व्यापारी ठाण्यात आला. त्याच्या घरची आया पळाली होती. मुरूडकडची, विशीतली मुलगी. सालमियातल्या एका कोकणी मुसलमान विधवेनं तिला लपवलंय, अशी त्याची खबर होती.

दोन शिपाई घेऊन गेलो. खोलीत शिलाई मशीन, खाट आणि भिंतीला टांगलेले फ्रॉक. झडतीत काही मिळालं नाही, म्हणून बाईला ठाण्यात आणलं. वयानं मोठी, त्यात आमच्याच बाजूची, म्हणून मी तिला आपा म्हणायचो.

"आपा, मुलगी कुठं आहे?"

"सांगते. आधी तिची तक्रार लिहा."

"तक्रार मालकाची आहे."

"ती लिहून झाली ना? आता तिची लिहा."

दोन दिवस हेच चाललं. मी समजावलं, दरडावलं, इथं राहण्याचा परवाना जाईल असंही सांगितलं. सराईत चोर मी बोलते केले होते, पण ते शिक्षेला घाबरायचे. हिनं शिक्षा आधीच गृहीत धरली होती. तिसऱ्या दिवशी मी कागद पुढे ओढला. दया आली म्हणून नव्हे, कंटाळलो होतो म्हणून.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. इस्त्रीचा चटका, बाहेरून कडी लावलेली खोली, काढून घेतलेला पासपोर्ट. मग म्हणाली, "सरकारी इस्पितळात आहे. बायकांच्या वॉर्डात, स्वतःच्या नावानं."

आम्ही कोकणी लोकांच्या खोल्या, गोदामं, धक्क्यावरच्या लाँचसुद्धा धुंडाळल्या होत्या. इस्पितळात कुणी विचारलंच नव्हतं. हाताला पट्टी बांधलेल्या त्या मुलीनं माझा गणवेश पाहून पांघरूण डोक्यावर ओढलं.

मुलीला मायदेशी पाठवलं. आपाचाही परवाना रद्द झाला; तो हुकूम मीच तिला मराठीत वाचून दाखवला. मालकाला कुणी चौकशीलाही बोलावलं नाही.

पुढचं गावाकडून कळत गेलं. परदेशी नोकरीला जाणाऱ्या बायांचे अर्ज आपा लिहून द्यायची, मामलेदार कचेरीत त्यांच्यासोबत उभी राहायची. मग ग्रामपंचायतीत गेली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस विधानसभेवर निवडून आली. विरोधक भर सभेत तिला 'कुवेतहून हाकललेली बाई' म्हणायचे. ती हो म्हणायची आणि का हाकललं ते सांगायची.

रजेवर आलो तेव्हा भेटायला गेलो. तिनं लगेच ओळखलं, चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही लिहिलेल्या त्या तक्रारीचं पुढं काय झालं?"

"फाइलला लागली, आपा."

"वाटलंच होतं. म्हणून तर निवडणुकीला उभी राहिले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती तक्रार लिहून घेतली, हे मी कित्येक वर्षं माझं चांगलं काम म्हणून सांगत होतो. त्या दिवसापासून सांगणं सोडलं. खरं ते कागदावर उतरवलं की आपलं काम संपलं, असं थकलेल्या माणसाला वाटतं. मी तेव्हाच थकलो होतो, आणि पुढची वीस वर्षं तशीच नोकरी केली.