खांडेनवमीच्या रिमा

समता कॉलोनीत नरहररावांच्या सायकलीच्या रिमांत बघून लोक भांग पाडतात, असं बंडू म्हणायचा. बंडू शेजारी, त्याचं अर्धं सोडून द्यावं. पण रिमा चमकत होत्या हे खरंच. रायपूर राजधानी होऊन वर्ष पुरं व्हायचं होतं, लाल दिव्याच्या गाड्या शंकर नगरकडे धुरळा उडवत पळत होत्या, आणि त्या धुरळ्यातून सरकारी दफ्तरातला हा आवक-जावक कारकून आरशासारखी चाकं फिरवत जायचा.

दर रविवारी अंगणात सायकल उलटी. आधी रॉकेलचा बोळा, मग चाळलेली राख, शेवटी जुन्या धोतराचं कोरडं फडकं. आऱ्याआऱ्यांतून बोट घालून घासायचं. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रवचन फुकट.

"रिम कोरडी पाहिजे. ब्रेकचं रबर रिमले धरते तेव्हाच मानूस थांबते. रिमले तेल लावनारा खुनी समजा, खुनी!"

आता आतली गोष्ट. खांडेनवमीच्या आदल्या दुपारी बायको इंदू बाजारात गेली की हाच नरहर दार लावून रिमांना खोबरेल चोपडायचा. खांडेनवमीला अवजारं पूजायची, वापरायची नाहीत, हा घरचा रिवाज. सायकल दिवसभर पाटापुढे उभी, झेंडूची माळ घालून. हळदीकुंकवाला आलेल्यांचे डोळे दिपले की झालं. दसऱ्याच्या सकाळी रॉकेलनं तेल उतरवलं की कोणाला काही कळायचं नाही. बारा वर्षं इंदूलासुद्धा पत्ता नव्हता, आणि इंदूला पत्ता नाही अशी दुसरी वस्तू त्या घरात नव्हती.

त्या खांडेनवमीला पूजा झाली, पुरण जरा जास्त झालं, नरहर लवंडला. उठून ओसरीत आला तर पाटावर नुसती माळ पडलेली.

"इंदू! सायकल कुठी गेली?"

"इरावती घेऊन गेली. तिची लूना पंक्चर हाये. भनपुरीहून, तिच्या हापिसातून फोन आला, ट्रान्सपोर्टवाल्याचे कागद तिच्याच जवळ राहिले म्हने."

"आज? खांडेनवमीले?"

"मीच म्हटलं, हव, ने. पूजा झाली नं? आता का तिच्यावर देव बसला हाये?" इंदूनं वर बघितलं. "काहून असे पांढरे पडून राहिले तुम्ही?"

 भनपुरीच्या वाटेवरचा पूल नरहरच्या डोळ्यांपुढे आला. चढताना कोणी उतरून ढकलतं, उतरताना मात्र प्रत्येकजण सायकल सोडून देतो, आणि खाली उताराच्या तोंडाशीच ट्रकांची रांग वळते. लेकीला, इरावतीला, सायकल त्यानंच शिकवली होती. उतारावर ब्रेक नुसता दाबून धर, पोरी, बाकी रिम बघते, असं त्यानंच सांगितलं होतं.

"कधी गेली?"

"झाले दहा मिनिटं."

बनियनवरच तो बंडूच्या दारात गेला. बंडू पूजेच्या स्कूटरला कुंकू लावून झुलत्या खुर्चीत बसला होता.

"बंडू, स्कूटर काढ. भनपुरीले चाल."

"आज? अन् रिवाज? मागच्या साली मी स्कूटरनं पान आनाले गेलो तं तुम्हीच मले धर्म शिकवला होता."

"काढ म्हनतो नं!"

बंडूनं काढली, पण सवयीनं चालवली. पानठेल्याजवळ मान हलवली, डॉक्टरच्या कंपाउंडरला हात केला, चौकात कोणाच्या सुनेनं माहेरी काय सांगितलं ते सुरू केलं. मागे नरहर वाटेकडे डोळे लावून बसला होता. समोरून येणारा प्रत्येक ट्रक त्याला ओळखीचा वाटत होता; प्रत्येकाच्या पुढच्या चाकाकडे तो आधी बघे, मग डोळे मिटे.

"जल्दी चाल, बंडू."

"अहो, झालं काय? ब्रेक ढिला हाये का?"

एवढं "हो" म्हणून सुटता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. मग बंडू पुढच्या ठेल्यापाशी पुन्हा हळू झाला, आणि नरहरच्या छातीतून ओरडणंच बाहेर पडलं.

"रिमले तेल लावलं हाये! मी लावलं! खोबरेल! दर साली लावतो! ब्रेक लागनार नाही रे तिचा!"

ठेल्यावरची चार माणसं वळली.  आयुष्यात पहिल्यांदा बंडूनं एक गोष्ट अर्ध्यावर सोडली, आणि त्यानंच नरहर जास्त घाबरला. स्कूटर किंचाळत सुटली.

पुलाच्या माथ्यावरून खालची गर्दी दिसली. ट्रक थांबलेले, हॉर्न वाजत होते, आणि रस्त्याच्या मधोमध एक चप्पल. डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची. नरहरनं चालत्या स्कूटरवरून उडी घेतली, पडला, तसाच उठून उतारावर धावला. 

रस्ता रुंद करायला ठेकेदारानं कडेला वाळूचा ढीग टाकला होता. त्यात पुढचं चाक आऱ्यांपर्यंत रुतलं होतं. पलीकडे इरावती बसलेली, केसांत वाळू, कोपर सोललेलं, कागद छातीशी धरलेले.

"बाबा, ब्रेक लगा ही नहीं," ती हिंदीतच म्हणाली. ही पोरं घाबरली की मराठी विसरतात. "दबाती रही, दबाती रही. चप्पल से रोका, वो भी गई. फिर रेती दिखी."

नरहर तिच्या पायाशी बसला. तिचे गुडघे, मनगटं, बोटं एकेक चाचपून बघितली, पुन्हा पहिल्यापासून बघितली.

बंडूनं सायकल ओढून काढली आणि चाक एका बोटानं फिरवलं. टायर कोरडा, आरे कोरडे. फक्त रिमवर सगळीकडून वाळू चिकटलेली, लाडवाला खसखस चिकटावी तशी. इरावतीनं रिमकडे बघितलं, मग बापाकडे.

"मीच लावलं, पोरी," नरहर म्हणाला. "दिखाव्यासाठी."

 तिनं नुसता हात पुढे केला, त्यानं उठवावं म्हणून.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्यांना ओसरीत तीच सायकल दिसली, वाळूसकट. नरहरनं पुसू दिली नव्हती. आपट्याचं पान हातात घेण्याआधी तो प्रत्येकाला रिम दाखवी आणि अथपासून इतिपर्यंत सांगे. बंडूला सांगायला काही उरलंच नाही, बिचारा कोपऱ्यात चिवडा खात बसला.

पाहुणे गेल्यावर नरहरनं रॉकेल आणलं, राख चाळली. रिमा कोरड्या, मळक्या रंगाच्या झाल्या तेव्हा इरावतीला बसवून अंगणातच चालवायला लावलं.

"दाब."

रबर रिमवर करकरलं, सायकल जागच्या जागी थांबली.

"अजून एकदा दाब," नरहर म्हणाला. त्याचा हात सीटवरून निघत नव्हता.