जाड थापलेल्या बिबड्या

माझी बदली यावलहून जळगावला झाली तेव्हा घरात आनंद झाला आणि पाठोपाठ भांडण सुरू झालं. राहायचं कुठे? यावलकरांना जळगाव म्हणजे मोठं शहर. रिंग रोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेच मला पुढे कितीतरी दिवस कळलं नव्हतं. नवरा जामनेरच्या शाळेत मास्तर, त्याला सकाळची एसटी धरायची म्हणून स्टँड जवळ हवा. मला ऑफिस जवळ हवं, नळाला पाणी हवं आणि गच्ची हवी. गच्चीचं नाव काढलं की तो हसायचा. "राहायचं भाड्याच्या खोलीत आणि मागायची गच्ची!" गच्ची मला बिबड्यांसाठी हवी होती; बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घालायचे आणि वर्षभर डब्यातून काढून खायचे. खाताना डबा हाच रिकामा करायचा, पण गच्चीचा विषय त्याला चेष्टेचा वाटायचा.

खरा घोळ मात्र गच्चीचा नव्हता. आम्ही बौद्ध. स्टेशनपलीकडे आमच्या लोकांची वस्ती होती, तिथेच माझ्या मावसबहिणीकडे आम्ही तात्पुरते उतरलो होतो. तिच्या शेजारी दोन खोल्या रिकाम्या होत्या. कोणी काही विचारणार नाही, सणावाराला एकटं पडणार नाही, लेकीला सांभाळायला दहा हात. नवऱ्याला ते पटत होतं. मला पटत होतं आणि पटत नव्हतं. मला हायवेच्या बाजूच्या नव्या कॉलन्या आवडायच्या. रुंद रस्ते, दारात कडुनिंब, घरामागे मोरी. पगार माझाही होता, मग मी तिथे का राहू नये? पण हे मनात आलं की दुसरं यायचं: मला माझ्याच माणसांची लाज वाटते की काय? लाज नव्हती, हे आज मी छातीठोक सांगेन. त्या वेळी मात्र काही कळत नव्हतं.

त्यात आमचं आडनाव असं, की ते आमच्यातही आहे आणि गावच्या पाटलांतही. ऑफिसातल्या एका बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हाला काय अडचण आहे? आडनाव सांगायचं आणि गप्प बसायचं." तिला मदतच करायची होती. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो यासाठी की सल्ला क्षणभर मला बरा वाटला होता.

नवऱ्याने या सगळ्यावर एक नियम काढला होता. चपला काढायच्या आधी सांगायचं. दारातच 'जय भीम' म्हणायचं, पटलं तर आत जायचं, नाहीतर तिथूनच परत फिरायचं. हा नियम त्याने उगाच केला नव्हता. एका घरी चहा झाला, स्वयंपाकघर बघून झालं, पंखा कुठे लावायचा तेही ठरलं, आणि मग जातीवरून विषय निघाला तेव्हा मालकांना एकदम आठवलं की त्यांचा पुतण्या कॉलेजला येणार आहे. दुसऱ्या घरीही पुतण्याच निघाला. जळगावात त्या वर्षी इतके पुतणे कॉलेजला आले असते तर बाकं कमी पडली असती.

मग तो चैत्रातला रविवार. नव्या कॉलनीत एका दुमजली घराला 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. नवरा लेकीला घेऊन कडुनिंबाखाली थांबला, मी फाटकाची कडी वाजवली. खाली कोणीच नाही. वरून आवाज आला, "कोन शे व?"

मी म्हटलं, "खोली बघायला आलेय."

"वर ये माय, लवकर ये! घाटा थंडा व्हई जाई!"

मी जिना चढून गेले. गच्चीभर बिबड्या थापायला ओली धोतरं पसरलेली, मध्ये मोठं पातेलं, त्यात शिजवलेल्या ज्वारीचा वाफाळता घाटा, लसूण आणि तिळाचा वास. घरमालकीण अक्का आणि त्यांची एक शेजारीण, दोघीच. बाकीच्या बाया कोणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या. आणि घाटा गार झाला की तो थापला जात नाही, सगळी मेहनत वाया जाते. अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही. पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवलं. "हात धोय आनि बस."

आमच्याकडे बिबड्या चालू असताना दारात बाई आली तर ती पाहुणी नसते, ती दोन हात असते. मी चपला जिन्यातच काढल्या होत्या. नियम तिथेच मोडला. मी हात धुतले, पदर खोचला आणि बसले.

पहिली बिबडी थापली आणि अक्का हसल्या. "भाकर थापी ऱ्हायनी का व?" आमच्या यावलकडे बिबडी जरा लहान आणि जाडच असते. त्यांच्या एरंडोलकडच्या हाताला ती कागदासारखी पातळ लागायची. मी म्हटलं, "आमच्याकडे दाताला कळावी लागते, अक्का." शेजारीणसुद्धा हसली. ऊन तापत होतं, बोटं भाजत होती, आणि खरं सांगते, जळगावात आल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटत होतं.

मग अक्कांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अरे! मन्हा माहेरना बठ्ठा पाटील त्याच आडनावना! आमनाच मानसे शेतस तुम्ही. खोली तुमनीच. कव्हय येतस राहाले?"

माझे हात घाट्यात मनगटापर्यंत. खाली नवरा कडुनिंबाखाली उभा राहून वर बघतोय, लेक हात हलवतेय. आता काय करावं मला सुचेना. गप्प राहिले तर ही गच्ची माझी, ही मोरी माझी, आणि रोज सकाळी उठून खोटं आडनाव लावल्यासारखं खरं आडनाव लावायचं. घरात बुद्धाची मूर्ती कुठे ठेवायची? कपाटात? लेक शाळेतून येऊन काहीतरी बोलून बसली तर तिला दटावायचं? आणि सांगितलं तर हा घाटा, हे वर्षभराचं वाळवण? अर्धं धोतर माझ्या हातचं. ते त्या टाकून देतील का? बिबड्या टाकल्या तर चालेल की नाही, यावर मी तिथे बसून खरोखर विचार करत होते. माणूस गोंधळला की कशाचाही विचार करतो.

मी थापत राहिले. पातेलं खरवडून झालं तेव्हा हात धुतले, पुसले आणि म्हटलं, "अक्का, तुमचा गैरसमज झालाय. आम्ही बौद्ध आहोत."

शेजारणीने धोतरांकडे पाहिलं. आधी स्वतःच्या बिबड्यांकडे, मग माझ्या. अक्कांनी पातेल्यात पाणी ओतलं, ते हलवलं, आणि म्हणाल्या, "मालकले इचारना पडी, माय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

खाली आल्यावर नवऱ्याने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत घाटा अडकला होता. "चपला?" त्याने विचारलं. मी हात पदरात गुंडाळले. परत जाताना लेकीला त्याने कडेवर घेतलं, एवढंच.

पुढच्या रविवारी पाटी निघाली होती. कोणाचा पुतण्या आला ते आम्ही विचारलं नाही. बहिणीशेजारच्या दोन खोल्या घेतल्या.

महिन्याभराने दुपारी ऑफिसच्या शिपायाने सांगितलं, बाहेर कोणी बाई आल्यात. पायऱ्यांवर अक्का उभ्या. डोक्यावरून पदर, चेहरा उन्हाने लाल. गप्पांत मी ऑफिसचं नाव सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "हाऊ तुना वाटा." थापायला बसलेल्या बाईला वाटा द्यायचाच, ही आमच्याकडची रीत. मी "पाणी घ्या" म्हटलं. "नही माय, रिक्षा उभी शे," म्हणाल्या आणि गेल्या. रिक्षा कुठेच नव्हती. त्या रस्त्याने चालत जाताना मला दिसत होत्या.

घरी येऊन मी पिशवी ओतली. सगळ्या बिबड्या लहान, जाड. एकही पातळ नाही. सगळ्या माझ्याच हातच्या.

नवरा म्हणाला, "बघ, तुझा हात निवडून घराबाहेर काढला तिने. फेकून दे."

मी म्हटलं, "टाकायच्याच होत्या तर गाईला घातल्या असत्या. एवढ्या उन्हात चालत आली असती का?"

"मग खोली का दिली नाही?"

मी बिबड्या पुन्हा पिशवीत भरू लागले. तिने माझा वाटा मला पोचवला, की स्वतःचा डबा माझ्या हातापासून मोकळा केला? कदाचित दोन्ही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. एवढी वर्षं झाली, आम्ही नवराबायको अजून यावर भांडतो, आणि कधीकधी मधेच बाजू बदलतो.

त्या संध्याकाळी मी चुलीवर एक बिबडी भाजली. लेकीने खाल्ली, दुसरी मागितली. नवऱ्याने पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग त्यानेही हात पुढे केला.

तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, दर उन्हाळ्यात बिबड्या होतात. शेजारच्या बाया मला पातळ थापायला शिकवून थकल्या. मला येत नाही असं त्यांना वाटतं. मी मुद्दाम जाड थापते. माझ्या हातची बिबडी कोणाच्याही डब्यात गेली, तरी ती कोणाची आहे ते कळलंच पाहिजे.