सगळ्यांना चालवता येणारी गाडी

"आत्या, अण्णा गेले. तू आवरून बस, गाडी पाठवतोय." सुनीलचा फोन आला तेव्हा मी वैजापूरला माझ्या ओसरीवर लसूण सोलत बसले होते. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आणि सुनील त्याचा मुलगा, माझा भाचा. माणसाचं मन कसं असतं बघा, फोनमधलं पहिलं वाक्य डोक्यात शिरायच्या आधी मी दुसऱ्यावरच अडकले. गाडी पाठवतोय! आली की खरंच. पांढरी, लांबलचक, आत थंडगार. चालवायला त्या दिवसापुरता बोलावलेला कुणी ड्रायव्हर होता आणि त्याला वळणं सांगायला फोनमधली एक बाई होती. त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. औरंगाबादला पुंडलिकनगरात अण्णाच्या घरी पोचलो, दारात माणसं जमलेली, आतून वहिनीचा रडण्याचा आवाज येतोय, आणि माझ्या बाजूचं दार काही केल्या उघडेना. मी काचेवर हात आपटले, काय ओढायचं ते ओढलं... शेवटी ड्रायव्हरनं पुढं कुठलंसं बटण दाबलं तेव्हा मी बाहेर पडले. भावाच्या दारापर्यंत येऊन भावाच्याच घरच्या गाडीत मी कोंडले गेले होते. त्याला आता काही आठवडे झालेत, पण माझा राग गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

आम्ही दोघंही निजामावरच्या पोलीस अॅक्शननंतरच्या पहिल्या काही वर्षांत जन्मलेलो. वडिलांची शेती सोयगावकडे होती. अण्णा शिकून औरंगाबादला पाटबंधाऱ्याच्या हापिसात चिकटला, पुढं पुंडलिकनगरला घर बांधलं. मी लग्न होऊन वैजापूरला आले, तिथल्याच शाळेत शिकवत राहिले. आमच्याकडे नागपंचमीला लेकीबाळी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय आपलं आपण उठून जायचं नसतं. जाता येत नाही असं नाही, पण तसं गेलं तर ते माहेरी जाणं नव्हे, नुसता प्रवास झाला. वडील थकले तसा अण्णा मुराळी झाला. आईवडील गेले, सोयगावचं घर बंद पडलं, माझे केस पांढरे झाले, माझे मालक वारले, तरी पंचमीच्या आधी अण्णा दारात हजर असायचा. "चल गं शकू, पिशवी भरली का नाय?" शेजारच्या सुना हसायच्या, की आजीबाई निघाल्या माहेराला! हसू देत. त्यांचे भाऊ मोबाइलवर शुभेच्छा पाठवत होते.

सुरुवातीची वर्षं तो एसटीनं यायचा. मग त्यानं बदली होऊन निघालेल्या एका साहेबांची जुनी गाडी घेतली. दूध जास्त झालेल्या चहासारखा तिचा रंग. घेतली तेव्हाच ती म्हातारी होती आणि अण्णानं ती त्यापुढं आणखी कित्येक वर्षं चालवली. ती सुरू करणं हा एक विधी होता. आधी चोक ओढायचा, मग पेडल हलकेच दाबून सोडायचं, मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, नाकाला पेट्रोलचा वास लागेस्तोवर. वास आला की किल्ली. त्याच्या आधी फिरवली तर ती खोकून गप्प व्हायची, नंतर फिरवली तर पेट्रोल तुंबायचं, आणि मग तासभर बसा तिच्याकडे बघत. हा वास फक्त अण्णालाच बरोबर कळायचा. सुनीलनं कॉलेजात असताना पुष्कळदा प्रयत्न केला, बॅटरी उतरवून ठेवली आणि शिव्या घालत मोटरसायकल काढली. अण्णाच्या जावयानं एकदा मागून नेली ती गल्लीच्या टोकावरून ढकलत परत आणली. त्यानंतर ती गाडी कुणी मागितली नाही. "लई मिजास हाय तिला," अण्णा सांगायचा, "पण माझं ऐकती." शिवाय माझ्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही. म्हणून अण्णा आधी उतरायचा, वळसा घालून यायचा आणि दार जरासं वर उचलून उघडायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय अदबीनं बहिणीला उतरवतोय! मीही पदर सावरून कलेक्टरीणबाईसारखी उतरायची.

बंद पडायची, नाही असं नाही. एका पंचमीला लासूरच्या अलीकडे अशी बसली की हलेना. मी कडुलिंबाखाली पिशवी टेकवली, वहिनीसाठी नेत असलेल्या धपाट्यांचं फडकं सोडलं आणि दोघं जेवलो. औरंगाबादहून त्याचे नेहमीचे मिस्त्री रशीदभाई येईपर्यंत दुपार कलली. त्या दुपारी अण्णा जेवढा बोलला तेवढा मी त्याला घरी कधी बोलताना ऐकलेला नाही. घरात तो कमीच बोलायचा. तिथं रस्त्याच्या कडेला बसून त्यानं मला सांगितलं की माझं लग्न ठरलं तेव्हा त्याला स्थळ पसंत नव्हतं, वडिलांशी भांडला होता, आणि पहिल्या पंचमीला मला न्यायला आला तो खरं तर मी सुखात आहे का ते बघायला. "तू हसत दार उघडलंस, मंग मला एसटीत झोप लागली." एवढी वर्षं हे त्यानं पोटात ठेवलं होतं... रशीदभाई आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "साब, इसकू अब घर बिठाओ, आप भी बैठो." अण्णानं त्यांना धपाटं दिलं आणि म्हणाला, "मी बसल्यावर बसवू तिला." निघालो आम्ही. पुढं त्याला पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं, आणि ते बोलणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. स्प्रिंगचे पाटे गेले होते, पत्रा गंजला होता, सामान मिळता मिळत नव्हतं.

सुनीलचं म्हणणं असं, की दारात हे धूड बघून लोक काय म्हणत असतील. पण हे त्यानं अण्णाला कधी सांगितलं नाही. हुशार आहे तो. त्यानं माझं नाव पुढं केलं. "अण्णा, तुमचं ठीक आहे, पण आत्या आता सत्तरीला आली. तिला घेऊन येताना रानात बंद पडली, ऊन लागलं, तिला काही झालं, तर?" अण्णाचं एवढं एकच दुखरं ठिकाण होतं आणि पोरानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. नवी गाडी घ्यायचं ठरलं, आणि हे मला सांगायला अण्णा जुन्या गाडीनं वैजापूरला आला. शेवटचाच म्हणायचा तो फेरा. मी उडालेच. म्हटलं, "माझं नाव कशाला घेता? मला कडुलिंबाखाली बसायला आवडतं." तो चहा बशीत ओतत म्हणाला, "पोराचं बी खरं हाय, शकू. तुला रस्त्यात काय झालं तर मी तोंड कुठं दाखवू? नवीनमधी तुला गार वाऱ्यात आणीन. दार आतून उघडतंय म्हणं." आनंदात होता तो. त्याला वाटत होतं की जुन्याच्या जागी नवी येणार, एवढाच काय तो फरक.

जुनी गेली, नवी आली, आणि फरक काय होता ते आम्हाला मागाहून कळलं. नवी गाडी बटण दाबलं की सुरू व्हायची. कुणीही दाबावं. सुनीलनं दाबावं, सुनेनं दाबावं, नातवानं दाबावं, जावयानं येऊन दाबावं. जुनी गाडी दुसऱ्या कुणाला सुरू होत नव्हती म्हणून तर ती अण्णाची होती! हे तिच्या मिजाशीपायी आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नवी सगळ्यांची झाली, आणि सगळ्यांची म्हणजे ज्यांना घाई असते त्यांची. म्हाताऱ्याला कसली घाई? सोमवारी सुनेला ती हापिसला लागायची, शनिवारी तिच्या माहेरी जायची, मध्येच कुणाचं लग्न निघायचं. अण्णानं ती चालवायला शिकून घेतलं, जवळच्या मैदानात गोल गोल फिरून. मला फोनवर मोठ्या हौसेनं सांगायचा. मग एकदा फाटकातून काढताना बाजूला घासली. सुनील रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, अण्णानंही आवाज चढवला असता, बाप होता तो. सुनील खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू द्या अण्णा, तुम्ही कशाला त्रास घेता? कुठं जायचं ते सांगा, मी नेतो ना." त्या दिवसापासून किल्ली सुनीलच्या खिशात गेली. आणि अण्णा कुठं जायचं ते सांगायचा, सांगत राहायचा. वाईट नाही हो सुनील. वाईट असता तर मला भांडता आलं असतं.

त्या वर्षीच्या पंचमीला मी पिशवी भरून बसले. सकाळ गेली, दुपार गेली. मग दारात एक भाड्याची गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "सुनीलसाहेबांनी पाठवलंय, मावशी." मी त्याला पाणी दिलं, चिवडा दिला आणि रिकामा परत पाठवला. संध्याकाळी अण्णाचा फोन आला. "शकू, गाडी आली नाय व्हय?" म्हटलं, "गाडी आली. भाऊ आला नाय." तो म्हणाला, "आपली गाडी मोकळी नव्हती गं." त्याच्यावर राग नव्हता माझा. पण भाड्याचा मुराळी मी घेणार नव्हते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा परत पाठवीन.

पुढच्या पंचमीला मी कुणाची वाट बघितली नाही, पिशवीही काढली नाही. भर दुपारी कडी वाजली. दारात अण्णा उभा. कुणाला न सांगता एसटीनं आला होता, बराच वेळ उभ्यानं, ते दुखरे गुडघे घेऊन. शर्टाची बाही काळी झालेली, घामानं निथळत होता. "चल गं शकू, पिशवी भरली का नाय?" मी रडले. त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि पिशवी भरली. परतीच्या बसमध्ये एका मुलीनं उठून त्याला जागा दिली, त्यानं ती मला दिली आणि दांडीला धरून उभा राहिला, चेहऱ्यावर अशी ऐट की जणू बस त्याच्याच मालकीची. लासूर आलं तेव्हा आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. पुंडलिकनगरला पोचलो तर सुनील फाटकात उभा. "दारात एवढी गाडी असताना बसनं? आत्या, तुला तरी समजायला पाहिजे होतं. यांना वाटेत काही झालं असतं तर?" पुन्हा तोच 'तर'. आधी माझ्या नावानं, आता अण्णाच्या. अण्णा चपला काढत म्हणाला, "झालं नाय ना काय?" आणि आत गेला. त्यानंतर त्याचं एकट्यानं बाहेर पडणं बंद झालं. फाटकाला कुलूप नव्हतं लावलं, पण वहिनीला ताकीद होती आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलेलं होतं. पुढची पंचमी यायच्या आतच अण्णा गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, असं सगळे समाधानानं सांगत होते.

तेरावं झाल्यावर मी दोन दिवस मागं राहिले. घराच्या बाजूला एक पत्र्याची शेड आहे, जुनी गाडी ठेवायला बांधलेली. नवी तिच्यात मावत नाही, ती रस्त्यावरच असते. शेडमध्ये रस्त्याकडे तोंड करून एक लोखंडी खुर्ची दिसली, पाठीवर अण्णाचा पंचा टाकलेला. मी वहिनीला विचारलं, ही इथं कशाला? वहिनीनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "शकूताई, हे रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून इथं येऊन बसायचे. पायात बूट सुद्धा. मी म्हणायची, कुठं जायचंय तुम्हाला एवढं नटून? तर म्हणायचे, कुठं नाय. तयार असलेलं बरं. एखाद्या वक्ताला गाडी मोकळी झाली, तर शकूकडं जाऊन यीन." वहिनी सांगत होती, दुपारच्या जेवणाला हाक मारली की उठायचे, कपडे उतरवून घडी करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच घालायचे. वहिनी अजूनही सकाळी ती खुर्ची पुसते. मी त्या खुर्चीवर बसून बघितलं. तिथून गाडी अगदी समोर दिसते. ती निघाली कधी, आली कधी, सगळं दिसतं.

मी निघाले तेव्हा सुनील बाहेर आला. डोळे सुजलेले होते पोराचे, खोटं कशाला सांगू? माझ्या हातातली पिशवी त्यानं घेतली, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "आत्या, बस. मी येतो तुला सोडायला. आज गाडी मोकळीच आहे."