बुढापाऱ्यातला कॅमेरा

नागपूरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा आभाळ भरून आलेले होते. थंडीच्या दिवसांतले ढग. बरसतही नाहीत आणि हटतही नाहीत. डब्यात सगळे कानटोप्या घालून गप्प बसले होते. माझ्या पिशवीत काळ्यापांढऱ्या फिल्मचे दोन रोल, एक अगरबत्तीचा पुडा आणि सुमनने बांधून दिलेला डबा होता. रायपूरला मी कॅमेरा आणायला चाललो होतो.

सुमन म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षापासून तिला उजेड सोसत नाही. दुखणे डोक्यात आहे, पण त्याने डोळे धरले आहेत. डॉक्टर आता बरे होण्याची भाषा बोलत नाहीत, सांभाळण्याची बोलतात. घरात दिवसभर पडदे ओढलेले असतात. संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो, तेवढाच उजेड तिला चालतो. अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, "माझा एक फोटो काढा. अशीच बसलेली. पन तो लाइट मारू नका."

मोबाइलने काढून पाहिला. मोबाइलने अंधार पुसून टाकला, तिच्या डोळ्यांखालची वर्तुळे पुसली आणि गालांना पॉलिश केले. सुमनने पाहिले आणि विचारले, "हे कोन व्हय?"

मी फोटोच्या धंद्यातच वाढलो. नागपुरात महाल भागातल्या एका स्टुडिओत झाडू मारायला लागलो, तिथेच डार्करूममध्ये प्रिंट करायला शिकलो. आज माझी फोटोफ्रेमची दोन दुकाने आहेत आणि ती मला कोणी दिलेली नाहीत. त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात काय लागते, हे मला कोणाला विचारावे लागत नाही. मोठ्या तोंडाची लेन्स हवी, जास्तीत जास्त उजेड आत घेणारी. आत आरसा नको, कारण तो उडतो तेव्हा कॅमेरा थरथरतो. शटर हलके हवे, म्हणजे श्वास रोखून हातातच फोटो काढता येतो. हे सगळे एकत्र मिळते ते जुन्या, खिशात मावणाऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात. त्याच्या खिडकीतून पाहिले की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात वस्तूच्या दोन आकृत्या. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. एक झाल्या की फोकस बसला. पण जुन्या मालात हा चौकोन फिकट झालेला असतो आणि इंटरनेटवरच्या चित्रात ते कळत नाही. डोळ्याला लावूनच पाहावे लागते. म्हणून हा प्रवास.

गोंदिया मागे पडले आणि सालेकशाचे जंगल सुरू झाले. साग पाने गाळून उभा होता. दरेकशाच्या बोगद्यात गाडी शिरली, डबा काळोखला आणि समोरच्या खिडकीच्या काचेत मला माझाच चेहरा दिसला, कपाळाला आठ्या घातलेला. सुमन म्हणते, मी झोपेतही भाव करतो.

डोंगरगडच्या टेकडीवरचे मंदिर धुक्यात अर्धेच दिसले. पुढे कापणी झालेली धानाची बांधाबांधांची शेते, मग भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या. धूर कुठला आणि ढग कुठले, ते ओळखू येत नव्हते.

रायपूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने तेलीबांधा भागापर्यंतचा भाव सांगितला. मी निम्म्यावर आणला. तो म्हणाला, "हव (बरं), बइठव (बसा) कका." कका म्हणजे काका. इतक्या सहज मानले की मला वाटले, अजून उतरवता आला असता. हा विचार तेलीबांध्यापर्यंत माझ्या शेजारी बसून होता.

वाटेत एका गाड्यावर फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) खाल्ला, टोमॅटोच्या चटणीबरोबर. गरम होता, चांगला होता. गाड्यावरच्या बाईने विचारले, "कइसे लगिस, भैया?" मी म्हणालो, "मीठ कमी आहे." मीठ कमी नव्हते. पैसे द्यायच्या आधी मालाला चांगले म्हणायचे नाही, हा माझा धडा. मी तो उपाशी राहून शिकलेलो आहे.

तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला नव्या इमारती झाल्या आहेत. त्यातल्या एका फ्लॅटमध्ये जुने कॅमेरे विकणारा राहतो. चाळिशीतला, नीटनेटका माणूस. काचेच्या कपाटात कॅमेरे असे मांडलेले, जसे आपल्याकडे पाहुण्यांचे कप मांडतात. त्याच्याकडे माझ्या कामाचे दोन निघाले.

मी त्याला पडदे ओढायला लावले आणि अगरबत्ती पेटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. अंधारात तिचे लाल टोक हीच कॅमेऱ्याची परीक्षा. पहिल्या कॅमेऱ्याचा चौकोन इतका विझलेला होता की लाल ठिपका दोनदा दिसायला हवा, तो एकदाही धड दिसेना. तो बाजूला ठेवला.

दुसरा हातात घेतला आणि मला आवडला. हलका, लेन्स चांगल्या मोठ्या तोंडाची, चौकोन पिवळाधमक. दोन ठिपके जवळ येत येत एक झाले. मी बटण दाबले. बटण दबेना. खिडकीत एक लाल दिवा मात्र लागला.

"अंधेरे में फोटो हिल जाती है ना, अंकल," तो म्हणाला. "इसलिए ये कैमरा खुद ही मना कर देता है. बड़ा समझदार कैमरा है."

"इसको हाथ से नहीं चला सकते? मेरी मर्जी से?"

"नहीं, ये पूरा ऑटोमैटिक है."

"मैं समझदारी खरीदने नहीं आया," मी म्हणालो. "इतने दूर से आया हूँ और तुम मेरे को अंधेरे में बंद होने वाला कैमरा दिखा रहे? फोन पे क्या बोले थे?"

माझा आवाज चढला. मग मी कपाटातल्या एकेका कॅमेऱ्याचे दोष काढायला लागलो; जे घ्यायचे नव्हते त्यांचेही. त्याने पडदे उघडले, अगरबत्ती विझवली आणि तो म्हणाला, "अंकल, आपको कैमरा नहीं चाहिए. आपको किसी से झगड़ना है. वो आदमी मैं नहीं हूँ."

खाली येऊन तलावाच्या कठड्याशी उभा राहिलो. पाणी आभाळाच्या रंगाचे, म्हणजे कुठल्याच रंगाचे नव्हते. तो माणूस कोण, हे मला माहीत होते. आणि अंधारात चालणारा एक कॅमेरा याच शहरात आहे, हेही माहीत होते.

मी ज्या स्टुडिओत शिकलो, त्याचे मालक अण्णा हे मूळचे रायपूरच्या बुढापारा वस्तीतले, तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरातले. त्यांच्याकडे एक जपानी रेंजफाइंडर होता, बॅटरीशिवाय चालणारा. मंडपातले दिवे गेले तरी अण्णा त्याने फोटो काढत. मला म्हणत, "वसंता, मी थकलो की हा तुझा." मी वर्षानुवर्षे त्यांच्या डार्करूममध्ये हात जाळले. मग स्टुडिओ बंद झाला, अण्णा सामान बांधून रायपूरला आले आणि कॅमेराही घेऊन आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतर मीही बोललो नाही. गेल्या वर्षी अण्णा वारले, तेव्हासुद्धा आलो नाही.

बुढापाऱ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. बूढा तलावाकडून थंड वारा सुटला होता, गल्लीत स्कूटरींची दाटी होती. एका साड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत काकू, म्हणजे अण्णांची पत्नी, आपल्या लेकीबरोबर राहतात. जिना चढेपर्यंत मी ठरवत होतो: नाते नाही, ओळख नाही, सरळ व्यवहार.

काकूंनी दार उघडले. डोळे बारीक करून पाहिले.

"वसंता? अरे देवा. वाळला रे तू. सुमन कशी आहे?"

"ठीक आहे," मी म्हणालो. सांगायला हवे होते, पण भाव करायच्या आधी आपली गरज दाखवत नाहीत.

चहा आला. काकूंची लेक नीता शाळेत शिकवते. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर हिंदीत येते. मी जुने कॅमेरे पाहत फिरतो आहे, अण्णांचा असेल तर दाखवा, असे म्हणालो. काकूंनी नीताकडे पाहिले. नीताने कपाटातून एक मऊ, धुतलेल्या कापडाची पिशवी आणून माझ्या हातात दिली.

तोच. अंगठ्याखालची झिजलेली जागासुद्धा तीच. तेवढ्यात काकूंनी देवापुढे निरांजन लावले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन असा उजळ, जसा माझ्या तरुणपणीही नव्हता. दोन ज्योती दिसल्या. रिंग फिरवली, ती लोण्यातून फिरावी तशी फिरली. ज्योती सरकल्या आणि एक झाल्या, कुठे कडसुद्धा उरली नाही. बटण दाबले. चिमणीने दाणा उचलावा एवढाच आवाज. त्या चौकटीत मला सुमन दिसली, मेणबत्तीसमोर बसलेली, आहे तशी.

"अच्छा है क्या, अंकल?" नीताने विचारले. "आप तो जानकार हो, आप ही दाम बोल दो."

दाम हा शब्द कानावर पडला आणि माझे तोंड आपोआप सुरू झाले.

"काय दाम सांगू? शटर सुस्त झालं आहे. लेन्समध्ये बुरशी धरली आहे. मागची स्पंजची पट्टी गळाली असेल, उजेड आत जात असेल. काकू, ही वस्तू मेलेली आहे. अण्णांनी नुसती धरून ठेवली."

शेवटचे वाक्य भावाचे नव्हते. ते इतकी वर्षे पोटात होते, तिथून आले.

नीता म्हणाली, "देखा मम्मी? मैं बोल रही थी ना, इतना पुराना कौन लेगा."

काकूंनी निरांजनाची वात सारखी केली. मग म्हणाल्या, "मेली म्हनतो? अरे, हे तर दर रविवारी पुसत होते ते. डोळ्यानं दिसत नव्हतं तरी पुसत होते. आतला तो चौकोन विझला होता म्हनून नागपुराहून इकडं आनला, कलकत्त्याला पाठवून नवा करून आनला. म्हने, वसंताले असा फुटका कसा देऊ?"



"मंग काहून नाही दिला, काकू? एक फोन तर करायचा."

"मी म्हनलं न. रोज म्हनत होती मी. तर म्हने, फोनवर तो आयकनार नाही, रागीट पोट्टा आहे. भांडाले तरी येईनच एक दिवस. आला की पोटभर भांडू देईन, मंग देईन." काकूंनी पदराने नाक पुसले. "वाट पाहून राहिले होते तुयी. मी आज तुले तो तसाच देनार होती. दाम-बिम नीताचं बोलनं आहे. पन आता मेलेली वस्तू तुले कशी देऊ? त्यायच्या नावानं मेलेलं दिलं, असं होईन ते."

"नाही, काकू." मी उठून उभा राहिलो. "वस्तू चांगली आहे. एकदम चांगली. मी अशीच नावं ठेवली. धंद्याची सवय आहे. चौकोन तर नव्यासारखा आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"आता तू माया जिवाले बरं वाटावं म्हनून म्हनून राहिला."

"तसं नाही, काकू. सुमनसाठी पाहिजे मले. तिले उजेड सहन होत नाही, फोटो काढाचा आहे." मग मी सगळे सांगितले. दुखणे, पडदे, मेणबत्ती.

सांगून झाल्यावर काकू माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "मंग तर नाहीच देत. असा फोटो का पुन्हा पुन्हा काढता येते? तो बिघडला, तर तू जन्मभर ह्यायले शिव्या देशीन. चांगला नवा घे बाबा. माहीतगार मानूस आहे तू. पाहताबरोबर जे बोलला, तेच खरं."

मी पुन्हा सांगितले. नीताला ज्योतीवर फोकस करून दाखवले. ती म्हणाली, "अंकल, मुझे क्या समझेगा." जितके चांगले म्हणत गेलो, तितकी काकूंची खात्री पटत गेली की वसंता मन राखतो आहे. उभ्या आयुष्यात मी हजार खोटे दोष काढले, ते सगळे लोकांनी खरे मानले. घेण्याआधी मालाला चांगले म्हणण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते कोणी मानेना.

काकूंनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, पिशवीत घातला आणि भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोखाली फळीवर ठेवला. "राहू दे ह्यायच्याजवळ. सुमनले घेऊन ये एखाद वेळी," त्या म्हणाल्या. सुमन आता कुठे येणार, हे त्यांनाही कळले होते. पण म्हणायची रीत आहे. फोटोतले अण्णा माझ्याकडेच पाहत होते. तो फोटो मीच काढलेला, मीच प्रिंट केलेला होता.

स्टेशनला जाताना रिक्षावाल्याने जो भाव सांगितला, तो मी दिला. परतीच्या गाडीत सुमनचा डबा उघडला नाही. बोगदा कधी गेला ते कळलेही नाही, बाहेर सगळाच बोगदा होता. लोक प्रवासातून काहीतरी आणतात. मिठाई, साडी, निदान तिथला एखादा फोटो. माझ्या पिशवीत तेच दोन कोरे रोल होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमन मेणबत्तीपाशी बसली तेव्हा तिने विचारले, "भेटला का कॅमेरा?"

मी तिला सगळे सांगितले. काही वगळले नाही. ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ऐकत होती.

"चांगला होता का?"

"फार चांगला होता."

"मंग हे तिथं पहिले म्हनाचं होतं," ती म्हणाली.

 बाहेर कोणाची तरी गाडी गेली, पडद्याच्या फटीतून उजेडाची रेघ भिंतीवरून सरकली. सुमनने डोळे मिटून ती जाऊ दिली. मग म्हणाली, "ते मेनबत्ती जरा तुमच्याकडं घ्या. पाहू तरी, भांडन हरल्यावर तुम्ही कसे दिसता."

मी मेणबत्ती माझ्याकडे ओढली. सुमनने डोळ्यांवरचा हात काढला. तिला त्रास होत होता, ते दिसत होते. तरी तिने नजर हलवली नाही, आणि मी हललो नाही.