सई बसली की काटा चढतो

मंडळी, आधीच सांगतो... आमच्या घरात लिंबू सरबतासाठी असतं, दाराला टांगायला नाही. मी पुण्याचा, शिक्षणाने मेकॅनिकलवाला, आता इथे नेदरलँड्सला उइटहॉर्नमध्ये राहून दिवसभर सेन्सरची सॉफ्टवेअर लिहितो. या सदरातले तुमचे अनुभव वाचून मी खो खो हसलोय. आता पाळी तुमची.

मागच्या उन्हाळ्यात मी एक किट कार घेतली. म्हणजे सुटे भाग आणून घरच्या घरी जोडलेली गाडी — दोन सीट, लांबलचक नाक, छप्पर नाही. ग्रोनिंगनजवळच्या एका आजोबांनी बांधलेली, ते गेल्यावर आजींनी विकायला काढलेली. पॅसेंजर सीट अगदी कोरी करकरीत होती. मी कौतुक केलं तर आजी म्हणाल्या, "मला त्याने तिथे कधी बसूच दिलं नाही." काय पण नवरा, असं मनात म्हणत मी गाडी घरी आणली.

"या पावसाच्या देशात बिनछपराची गाडी! धन्य आहेस बाबा," इति माझी बायको मंजिरी. पण आमची बारा वर्षांची सई नुसती खुळावली. दसऱ्याला अ‍ॅमस्टेलव्हीनच्या कार्यक्रमाला याच गाडीतून, हार घालून जायचं, असं मी तिला कबूल करून बसलो.

पहिल्याच फेरीत तिने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "बाबा, काइक!" — बघ, म्हणे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. इंजिन ऑइलच्या टेंपरेचरचा काटा एकशेचाळीसवर! एरवी नव्वद-शंभरच्या पुढे जायचं त्याला कारण नाही. घाबरून गाडी बाजूला घेतली. सई रुसून चालत घरी गेली. मग मी एकटा गाडी परत आणली तर काटा नव्वदला, अगदी निमूट.

मला काय, खेळच मिळाला. सेन्सर बदलला, अर्थिंग घासून साफ केलं, ऑइल बदललं. इंजिनखालच्या टाकीवर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं, कारण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम खोटं रीडिंग देतं. ऑइल नव्वदच. म्हणजे इंजिन ठणठणीत, खोटं बोलतंय ते गेज, ती काट्याची तबकडी.

मग माझं लाडकं निदान — वजनाने सीटखालची एखादी वायर दबत असणार. इंडियन दुकानातून आणलेली तांदळाची पोती आणि आट्याच्या पिशव्या सईच्या वजनाइतक्या सीटवर रचल्या, वरून बेल्ट लावला आणि निघालो. "गाडीला डोहाळे लागलेत का? आटा कसला भरवतोयस?" मंजिरी दारातून ओरडली. काटा नव्वद. मग मंजिरीलाच बसवलं. नव्वद. सई बसली... एकशेचाळीस.

शेवटी वैतागून गेजच्या मागच्या सगळ्या वायरी उपटल्या. आता काटा मेल्यासारखा खाली पडायला हवा. तसा पडलाही. सईला म्हटलं, बस गं जरा. ती बसली आणि तो हळूहळू उठून उभा राहिला.

मी दोन पावलं मागे सरकलो. पण कबूल कोण करणार? स्टॅटिक चार्ज असेल, मॅग्नेट असेल, असं स्वतःलाच पटवत राहिलो. पोरीला शब्द दिला होता ना.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूचा हार. मंजिरीने चाकाखाली लिंबूही ठेवलं आणि मी चक्क ठेवू दिलं. सई नवा ड्रेस घालून टुणकन सीटवर बसली. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. काटा सरळ शेवटपर्यंत गेला आणि कडेला आपटला — टक्.

"सई, उतर," मंजिरी म्हणाली.

"अगं, वायरच जोडलेली नाहीये त्याला!"

"जोडलेली नाहीये म्हणूनच म्हणतेय. उतर खाली!"

सईने भोकाड पसरलं. दोघी बसने गेल्या. मी फणफणत एकटाच गाडी घेऊन निघालो, शेजारच्या सीटवर श्रीखंडाचा डबा बेल्टने बांधून.

गाव मागे पडलं आणि फाटकन आवाज झाला. इंजिनकडून ऑइल फिल्टरकडे जाणारा होज, म्हणजे रबरी पाइप, या गाडीत पॅसेंजरच्या पायांपाशी होता. तोच फिटिंगमधून सुटला होता. चटके देणारं ऑइल पिचकारीसारखं त्या सीटवर उडत होतं — पायांच्या जागी, मांडीच्या जागी, तोंडाच्या जागी. श्रीखंडाचा डबा काळा झाला, झाकण वाकडं झालं. माझ्या हातावर फक्त दोन-चार थेंब. कालव्याकाठच्या गवतावर बसून मी लहान पोरासारखा रडलो.

मेकॅनिकने तपासलं. होज नवा, फिटिंग धड, टेंपरेचर नॉर्मल. कसा सुटला? पुढे गाडी सुट्या भागांसाठी देऊन टाकली, पण गेज काढून ठेवलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. शेडमध्ये सायकलींच्या वरच्या फळीवर ते पडलेलं असतं, एकही वायर नसलेलं. रोज सकाळी सई शाळेसाठी सायकल काढते तेव्हा मी पाना शोधल्याचं नाटक करत तिथे उभा असतो. काटा खाली दिसला की मगच फाटक उघडतो.

आज सकाळीही तो खालीच होता. सई गेली, पाठोपाठ मंजिरी गेली. मग मी माझी सायकल घ्यायला आत शिरलो.

टक्.

सायकल तिथेच सोडली. आज घरून काम करतो, असं ऑफिसला कळवलं. मंजिरीला फोन केला तर ती म्हणाली, "हलू नकोस, मी निघालेय." तेव्हापासून स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. मधे एकदा धीर करून शेडच्या खिडकीतून बघून आलो. काटा अजून वरच आहे. बाहेर जायचं नाही, हे कळलं. पण घरात थांबायचं की नाही, हे तो सांगत नाही... तो फक्त कोण ते सांगतो.

माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला काही माहीत असेल तर लिहा. कितीही वेडगळ असलं तरी लिहा. मी हसणार नाही.