कॅमेऱ्याचा मोतीबिंदू

समस्त आप्तेष्ट, सोयरे आणि शेजारपाजारच्या मंडळींना कळवण्यास अत्यंत वाईट वाटते की, माझ्या भावाने परदेशातून पाठवलेल्या नव्याकोऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला साताऱ्यात येऊन आठवडा होतो न होतो तोच मोतीबिंदू झाला.

ही नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची गोष्ट. आमच्या गल्लीत तोवर बिनरिळाचा कॅमेरा कुणी पाहिला नव्हता. त्याला मागे एक पडदा होता आणि त्यात चित्र दिसायचं, पण भावाने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "ताई, पडदा बंदच ठेव, सेल पितो तो. वरच्या बारक्या खिडकीतून बघायचं नि बटण दाबायचं."

तर त्या खिडकीतून पहिले काही दिवस जग लखलखीत दिसलं आणि एका सकाळी अचानक धुकं पडलं. तुळस धुक्यात, नवराही धुक्यात. नवऱ्याचं एक वेळ मी चालवून घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला कुंडलला माझ्या माहेरी जायचं होतं, आणि तिथे हा कॅमेरा चालायलाच हवा होता.

कारण माझी आत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली आत्या तिच्या फौजी मुलाकडे, तिकडे आसामात, कायमची राहायला निघाली होती. जाण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती: माझे वडील गेल्यावर उरलेल्या आपल्या दोन्ही भावांबरोबर एक फोटो. हे दोन भाऊ म्हणजे माझे थोरले काका आणि धाकटे काका. घरं समोरासमोर, अंगण एक, आणि सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून नऊ वर्षं बोलणं बंद.

मी कॅमेऱ्यावर फुंकर मारली, पदराने पुसला, देवासमोरही ठेवून पाहिला. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. गवसणी काढून कॅमेरा त्यांच्या पुढ्यात ठेवला. चाचांनी खिडकीला डोळा लावला.

"ताई, चांगलं साफ दिसतंय की! समोरच्या पानवाल्यानं दाढी केलेली नाही, तेपण दिसतंय."

मी पाहिलं. खरंच! हसत घरी आले, कॅमेऱ्याला गवसणी चढवली, डोळा लावला, तर पुन्हा धुकं. डॉक्टरला पाहून दुखणं पळतं आणि घरी आलं की परत येतं, तसलाच प्रकार.

कुंडलला पोचलो तर आत्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर बसलेली. दोघं भाऊ शेजारी येऊन बसत नाहीत तोवर चहाला शिवणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. तासाभराने थोरले काका डाव्या बाजूला येऊन टेकले. धाकटे उजव्या बाजूला. एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. बाजेवर तीन गाठोडी ठेवल्यासारखी दिसत होती.

"काढ की गं पोरी," आत्या म्हणाली.

तेवढ्यात थोरल्यांना सुटकेची वाट सापडली. "तिघांचा फोटू काढत न्हाईत. अपशकुन असतोय," म्हणत ते उठले.

"बस खाली!" आत्याने त्यांचं धोतर धरलं. "चौथा हाय की! आवं जावई, या हिकडं!" आणि माझ्या नवऱ्याला दंडाला धरून तिने बाजेच्या कडेला बसवलं. आता गाठोडी चार झाली. मी मनात यमाईचा धावा केला आणि अंदाजाने तीन वेळा बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि सेल संपले. दोन्ही काका उठून दोन दिशांना गेले. परत ते काही बसणार नव्हते. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आला का गं फोटू?" आत्याने विचारलं.

"टीव्हीवर बघू," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवस मावळताना थोरल्या काकांचा टीव्ही अंगणात आणला. दुकानातून चार पेन्सिल सेल आणले. टीव्हीची वायर जोडायला नवऱ्याने गवसणी काढली आणि सहज खिडकीतून पाहिलं.

"अगं, स्वच्छ दिसतंय!" मग त्याने गवसणी खिडकीपुढे धरली. "आता नाही." काढली. "आता दिसतंय." पुन्हा धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईसाहेब, हे शिवलं कुणी?"

मी. आमच्या घरात रिमोटला प्लास्टिक, रेडिओला झालर, मिक्सरला टोपडं. एवढा महागाचा कॅमेरा उघडा कसा ठेवायचा? टेबलावरच्या जाड, दुधी प्लास्टिकचा तुकडा उरला होता, त्याची एका रात्री मशीनवर झकास गवसणी शिवली. मोठ्या भिंगाला गोल भोक ठेवलं. त्याच्या वरची पिटुकली काच मला शोभेची वाटली, म्हणून ती झाकली! ती निघाली त्याच खिडकीची पुढची बाजू.

"मंजी फोटूबी तसलाच आंधळा?" आत्याचा आवाज खाली गेला.

"नाही हो आत्या," नवरा म्हणाला. "बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं. भिंगाला हिनं भोक ठेवलंय. तेवढी कृपा केलीय!"

त्याने बटण दाबलं. पहिल्या फोटोत नुसता कडुनिंब. दुसऱ्यात माझ्या नवऱ्याचा एक कान आणि बाजेचा पाय. मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्याला अंगणातली सगळी मंडळी एकदम ओरडली म्हणून उघडले.

सगळे होते! फोटो तिरका होता, पावलं कापली गेली होती. पण चारही चेहरे असे स्पष्ट, की आत्याच्या कपाळावरच्या गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली. हसू आवरत नव्हतं. आत्या उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेवरून हात फिरवत राहिली. मग स्वतःहून म्हणाली, "आता आणा चहा."

धाकटे काका आपल्या दारातून आणि थोरले आपल्या दारातून टीव्ही बघत होते. थोरले हळूहळू पुढे आले. चष्मा पुसला, घातला, पडद्यावर धाकट्यांचा चेहरा बराच वेळ बघितला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा मान वळवून समोरच्या दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"आरं, लय वाळलायस की रं तू!"